जुनी गाडी तापते : आधी तपासणी, मग सुधारणा

वसई फाट्यापासून विरार फाट्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, आणि आत सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यात गॅरेजवाले, लेथवाले, डेंटर आणि रेडिएटरवाले असे कितीतरी कारागीर पोट भरतात. यांपैकी रेडिएटरवाल्यांचा धंदा गेल्या काही वर्षांत मंदावला आहे. नव्या गाड्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लास्टिकच्या टाक्यांचे असतात. ते फुटले की दुरुस्त होत नाहीत, बदलले जातात. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाख देणारा, कोर भरणारा हात रिकामा बसू लागला आहे.

परंतु एक काम अजून शिल्लक आहे व त्याला गिऱ्हाईकही आहे. ते म्हणजे जुन्या, हौसेने सांभाळलेल्या गाड्यांचे काम. वडिलांची फियाट, आजोबांची अॅम्बेसेडर, शेतावरची जुनी जीप जपून ठेवणारी माणसे आपल्या भागात आहेत. त्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते, "गाडी तापते." या तक्रारीवर नीट काम करणाऱ्याला दुसरे दहा लोक शोधत येतात, आणि घाईने काम करणाऱ्याचे नाव तितक्याच लवकर खराब होते. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

एका फियाटची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. त्यांनी उमेदीची वर्षे मुंबईत टॅक्सींच्या रेडिएटरवर काढली आणि आता वसईत छोटे दुकान चालवतात. एके वर्षी एप्रिल महिन्यात त्यांच्याकडे एक तरुण प्रीमियर पद्मिनी घेऊन आला. गाडी घोडबंदर रस्त्यावरील वाहतूक कोंडीत उकळत असे आणि गायमुखच्या चढावरही. आधीच्या एका गॅरेजने थर्मोस्टॅट काढून टाकला होता, पुढे विजेचा पंखा लावला होता आणि त्याची वायर थेट डॅशबोर्डच्या बटणाला जोडली होती. एका रात्री ते बटण वितळले व धूर निघाला. नशीब बलवत्तर म्हणून गाडी वाचली.

तरुण म्हणाला, "चाचा, आता मोठा रेडिएटरच टाका. पैशांची काळजी करू नका."

उस्ताद म्हणाले, "बेटा, पैसे तुझे आहेत, पण नाव माझे आहे. आधी ती का तापते ते बघू दे."

या एका वाक्यात सगळा धडा आहे. जुन्या गाडीची थंडावा-व्यवस्था सुधारता येते. पण बिघडलेल्या व्यवस्थेवर सुधारणा बसवली तर दोष लपतो आणि पुढे हेड गॅस्केट घेऊन जातो.

ही गाडी मुळात कशी आहे?

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाजारात आणली. तीच गाडी १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरचे; ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आर.टी.ओ.त नोंदवली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

यातून कारागिराने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, ही गाडी मुंबईच्या उन्हात व गर्दीत अनेक दशके दिवसभर भाडे मारत होती. म्हणजे मूळ व्यवस्था चांगल्या स्थितीत असेल तर आपल्या हवेला पुरते. दुसरी, अॅल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते. एकदा उकळलेली गाडी तशीच पळवली तर हेड उतरवणे, फेसिंग आणि नवे गॅस्केट असा खर्च मालकाच्या माथी येतो.

दोष ओळखण्याची रीत

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग पाण्यात उतरतो. ती उष्णता पाणी रेडिएटरपर्यंत नेते आणि हवा बाहेर घेऊन जाते. म्हणजे काम दोघांचे आहे, पाण्याचे आणि हवेचे. दोघांपैकी कोण कमी पडतो हे ओळखले की निम्मे काम झाले.

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा : गाडी उभी असताना तापते की पळताना?

उभी असताना तापते आणि पळू लागली की काटा खाली येतो, तर दोष बहुधा हवेचा असतो. पंख्याचा पट्टा ढिला, पंख्याची पाती वाकडी किंवा चुकीची, जाळीत धूळ-चिखल भरलेला, अथवा पंख्याभोवती हवा कोंडून ओढणारे आवरण नाही. पंखा मग समोरून हवा ओढण्याऐवजी बोनेटमधलीच गरम हवा फिरवत राहतो.

महामार्गावर वेगात किंवा चढावर तापते, तर दोष बहुधा पाण्याच्या प्रवाहाचा असतो. कोरच्या नळ्या बुजलेल्या, वॉटर पंपाची पाती झिजलेली, किंवा खालचा होज पाइप मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटा होणारा. हा शेवटचा दोष गॅरेजात उभ्या गाडीत दिसत नाही. इंजिनाचे फेरे वाढवून पाहावे लागते.

थंड इंजिन सुरू करताच वरच्या टाकीत बुडबुडे येतात, पाणी कमी होते पण गळती दिसत नाही, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. त्यावर कितीही मोठा रेडिएटर लावला तरी उपयोग नाही.

आजकाल दुरून तापमान दाखवणारी थर्मामीटरची बंदूक परवडण्याजोगी झाली आहे. प्रत्येक कारागिराने ती घ्यावी. गरम इंजिनावर वरच्या व खालच्या होजचे तापमान मोजावे. दोन्ही जवळपास सारखेच गरम असतील तर पाणी फिरते आहे पण हवा उष्णता नेत नाही. वरचा फार गरम आणि खालचा फारच थंड असेल तर प्रवाह अडलेला आहे. मग बंदूक जाळीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवावी. मध्येच थंड पट्टे लागले तर त्या ठिकाणच्या नळ्या बंद आहेत. हे मोजमाप गिऱ्हाइकाला समोर उभे करून दाखवावे. आकडा पाहिल्यावर त्याचा विश्वास बसतो आणि पुढे बिलावरून वाद होत नाही.

काटा खरे सांगतो का, हेही तपासावे. जुन्या गाडीचा तापमानाचा काटा किंवा त्याचा सेंडर खोटे बोलतो आणि लोक त्यावर हजारो रुपये खर्च करतात.

आणखी एक गल्लत होते. उन्हात थांबून पुन्हा सुरू करताना गाडी घुटमळते, बंद पडते. मालक म्हणतो "तापली", पण पाणी ठीक असते. तेथे पेट्रोल नळीत किंवा कार्ब्युरेटरमध्ये उकळलेले असते. याला उपाय रेडिएटर नसून पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे व उष्णतेपासून झाकणे हा आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ पडते आणि पातळ मिश्रणावर इंजिन अधिक तापते. तेव्हा जेट व मिश्रण तपासावे, तसेच जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात. इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल तरीही गाडी तापते. टायमिंग लावण्यास खर्च नाही, म्हणून ते आधी पाहावे.

आपल्या पाण्याचा प्रश्न

वसई-विरारचा बराच भाग खाडी व समुद्राच्या कडेला आहे. किनाऱ्याकडील पुष्कळ विहिरी-बोअरचे पाणी मचूळ लागते. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये घातले की आत क्षार बसतात. बिडाचा गंज त्यात मिसळतो आणि ब्लॉकच्या तळाशी घट्ट गाळ तयार होतो. क्षाराचा पातळ थरही उष्णता अडवतो. शिवाय खारट पाणी अॅल्युमिनियमचे हेड खाते.

उस्तादांनी त्या फियाटचा ब्लॉक उघडला तेव्हा हेच निघाले. बाजूचे वेल्श प्लग काढले तर आत तांबडा-पांढरा चिखल. कोरचा जवळजवळ तिसरा हिस्सा बंद. मालक दर आठवड्याला इमानाने पाणी भरत होता, पण घरच्या बोअरचे.

अशा वेळी थर्मोस्टॅट काढून, ब्लॉकचा निचरा उघडून पाणी उलट दिशेने सोडावे, म्हणजे खालून वर रेडिएटरमध्ये आणि वरून खाली ब्लॉकमध्ये. घट्ट क्षारासाठी सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, पाण्यात विरघळवून इंजिन थोडा वेळ चालवावे व नंतर स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवावे. फरशी धुण्याचे तेजाब किंवा कॉस्टिक सोडा हेड बसवलेल्या इंजिनात मुळीच घालू नये. अॅल्युमिनियम त्यात विरघळते. भरताना बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणीच वापरावे.

सुधारणेच्या पायऱ्या

दुरुस्ती झाल्यावर गाडी चालवून पाहावी. पुष्कळदा काम तेथेच संपते. तरीही कोंडीत काटा वर जात असेल, तर खालील क्रमाने पुढे जावे. स्वस्त व परत काढता येण्याजोगे काम आधी, महागाचे नंतर.

पहिली पायरी : झाकण आणि बाटली. बंद व्यवस्थेत दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. साधे पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळते. ७ पौंडांच्या झाकणाखाली सुमारे १११ अंशांना आणि १५ पौंडांच्या झाकणाखाली सुमारे १२१ अंशांना. हे पाहून काही जण नव्या गाडीचे जास्त दाबाचे झाकण जुन्या रेडिएटरला लावतात. ही चूक आहे. जुन्या टाकीचे डाख व जुने होज तेवढ्या दाबासाठी बनलेले नसतात. शिवाय झाकण इंजिन थंड करत नाही, फक्त उकळणे लांबवते. म्हणून गाडीच्या पुस्तकात असेल त्याच दाबाचे नवे झाकण लावावे आणि हातपंपाने तेवढाच दाब देऊन दहा मिनिटे गळती पाहावी. ज्या गाडीत उतू गेलेले पाणी रस्त्यावर सांडते, तिला पाणी परत ओढून घेणारे झाकण व एक बाटली जोडावी. खर्च थोडा, फायदा मोठा.

दुसरी पायरी : पंख्याचे आवरण. पत्र्याचे आवरण रेडिएटरच्या पूर्ण जाळीवर बसवून त्याला पंख्याएवढे गोल तोंड ठेवावे. पात्यांची रुंदी साधारण अर्धी आत, अर्धी बाहेर राहावी. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून पात्यांभोवती बोटभर तरी जागा सोडावी. डेंटर हे काम अर्ध्या दिवसात करतो. उभी असताना तापणाऱ्या गाडीला याने जेवढा आराम पडतो तेवढा पुष्कळदा नव्या रेडिएटरनेही पडत नाही.

तिसरी पायरी : कोर. येथे रेडिएटरवाल्याचे हुन्नर कामी येते. मूळ पितळी टाक्या तशाच ठेवून त्यांमध्ये नवा तांब्या-पितळेचा कोर भरावा. दोन ओळींच्या जागी तीन ओळींचा कोर बसत असेल तर बसवावा. बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते. मात्र पाकळ्या फार दाट असलेला कोर घेऊ नये. दाट जाळीतून सावकाश चालणाऱ्या गाडीत हवा नीट जात नाही आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ त्यात लवकर अडकते. जास्त जाळी म्हणजे जास्त थंडावा, हा समज खरा नाही.

अॅल्युमिनियमचा तयार रेडिएटर हलका असतो व चांगले कामही करतो. पण गावात त्याची दुरुस्ती कठीण, गाडीचे रूप बदलते, आणि खारट पाणी घातले तर तो लवकर सडतो. कायम चांगले कूलंट घालणाऱ्या मालकासाठीच तो ठीक.

चौथी पायरी : विजेचा पंखा. मारुती ८०० चा पंखा जुन्या गाडीत बसवण्याचा रिवाज आहे. तो बसवण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. जुन्या लहान गाडीचा डायनॅमो पूर्ण वेगात साधारण २० अँपिअरच्या आसपास वीज देतो आणि इंजिन मंद चालत असताना जवळजवळ काहीच देत नाही. पावसाळी रात्री हेडलाइटला सुमारे ८, मागच्या व इतर दिव्यांना २, वायपरला ३, इग्निशनला ४ असे १७ अँपिअर आधीच जातात. त्यात पंख्याचे १० मिळवले की २७ झाले. वरची सगळी वीज बॅटरीतून जाते. कोंडीत, म्हणजे पंख्याची गरज असते तेव्हाच, डायनॅमो झोपलेला असतो. अशी गाडी तासाभराने तापत नाही, बंद पडते.

म्हणून डायनॅमोच्या गाडीला मूळ पंखा आणि आवरण हेच योग्य. विजेचा पंखा हवाच असेल तर आधी ऑल्टरनेटर बसवावा. मग पंख्यासाठी रिले, बॅटरीजवळ फ्यूज आणि पुरेशी जाड वायर घ्यावी. सुरू होताना पंखा नेहमीच्या दुपटीहून अधिक वीज ओढतो; त्या फियाटचे बटण त्यामुळेच वितळले. पंखा चालू करणारा उष्णतेचा स्विच थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतरच्या तापमानाचा असावा, नाहीतर पंखा थांबणारच नाही. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थ असते. तेथे नेहमीच्या सवयीने वायर जोडली तर पंखा उलटा फिरतो व हवा पुढे ढकलतो. हाताने कागद धरून हवेची दिशा पाहावी.

पाचवी पायरी : कूलंट. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा ग्लायकॉल कशाला, असे लोक विचारतात. खरे तर उष्णता वाहण्यात शुद्ध पाणीच सर्वांत चांगले. निम्मे ग्लायकॉल घातले की ती शक्ती कमी होते. पण नुसत्या पाण्यात गंज थांबवणारे द्रव्य नसते. त्यामुळे आपल्या हवेत कूलंटचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास ठेवावे व डब्यावरील किमान प्रमाणाखाली जाऊ नये. दोन प्रकारचे कूलंट मिसळू नये. जुने कूलंट गटारात वा अंगणात ओतू नये. ते विषारी असते आणि चव गोड असल्याने मुले व जनावरे ते तोंडात घालतात.

थर्मोस्टॅट काढावा का?

आपल्या गॅरेजांत गाडी तापली की थर्मोस्टॅट काढण्याची जुनी सवय आहे. विचार करा : इंजिन गरम झाल्यावर चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडाच असतो. मग तो काढल्याने रेडिएटरची ताकद कशी वाढेल? उलट इंजिन सकाळी उशिरा गरम होते, पेट्रोल जास्त खाते, तेल लवकर खराब होते आणि झीज वाढते. संशय असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून, शेजारी थर्मामीटर धरून पाहावा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या जवळपास तो उघडू लागला पाहिजे. उघडत नसेल तर नवा बसवावा.

स्वतःचा जीव सांभाळा

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांवरचे पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येते. इंजिन बंद करून वरचा होज हाताला सोसेल इतका थंड होऊ द्यावा, मग जाड फडके टाकून झाकण अर्धे फिरवून दाब जाऊ द्यावा. डाखेत शिसे असते. त्याचे काम उघड्या हवेत करावे, धूर तोंडाशी घेऊ नये आणि हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नये. कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुऊ नयेत. शिकाऊ मुलाला हे पहिल्या दिवशीच सांगावे.

कागदपत्रांची बाजू

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपल्यावर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. शिवाय जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. तिच्या क्रमांकात 'व्ही.ए.' ही अक्षरे असतात. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी अथवा भाड्याने चालवता येत नाही. चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी यात बसत नाही.

म्हणून मालकाला आधी विचारावे की गाडीचे पुढे काय करायचे आहे. पत्रा कापू नये, नवी भोके पाडू नयेत, जुन्या बोल्टच्या जागाच वापराव्यात. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, नाव लिहून मालकाच्या हाती द्यावा. त्या भागांची किंमत आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त असते आणि ती त्याची आहे, आपली नव्हे.

त्या फियाटचे काय झाले?

उस्तादांनी ब्लॉक धुतला, मूळ टाक्यांत तीन ओळींचा कोर भरला, खालचा होज बदलला, थर्मोस्टॅट परत बसवला, टायमिंग लावले आणि पत्र्याचे आवरण केले. विजेचा पंखा काढून तरुणाच्या हातात दिला. मे महिन्यातल्या दुपारी दोघे घोडबंदर रस्त्याने कोंडीतून गायमुखचा चढ चढून परत आले. काटा मधल्या खुणेपलीकडे गेला नाही. बिल तरुणाने ठरवलेल्या मोठ्या रेडिएटरच्या किमतीपेक्षा कमी झाले. त्या पावसाळ्यात त्याच्याच ओळखीने आणखी दोन जुन्या गाड्या दुकानात आल्या.

कारागीर बंधूंनी एक वही ठेवावी. गाडी आली तेव्हाचे तापमान, सापडलेला दोष, केलेले काम आणि गेली तेव्हाचे तापमान, अशा चार ओळी लिहाव्यात व गिऱ्हाइकाला वाचून दाखवाव्यात. नवा भाग विकून नफा एकदाच मिळतो. दोष नेमका सांगणाऱ्याकडे मात्र माणूस गाडी असेपर्यंत येत राहतो, आणि जुन्या गाड्या जपणारी माणसे आपली गाडी सहजासहजी विकत नाहीत.